संग्राहकाचा छंद आणि शास्त्रज्ञाची दृष्टी : डार्विनची विद्यार्थिदशा

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) याच्या चरित्रात ‘बीगल’च्या प्रवासाला जे स्थान दिले जाते, ते त्याच्या विद्यार्थिदशेला क्वचितच मिळते. वस्तुतः नमुन्यांचा संचय आणि शास्त्रीय अभ्यास यांतील भेद समजून घेण्यास हाच कालखंड अधिक उपयुक्त आहे.

१८२५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डार्विन वैद्यकाच्या अभ्यासासाठी एडिंबरोस गेला. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातील शस्त्रक्रिया त्याला पाहवेनात. वैद्यकातून त्याचे मन उडाले. मात्र गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जॉन एडमन्स्टन या गृहस्थाकडून तो पक्ष्यांची कातडी भरून ठेवण्याची कला शिकला, आणि रॉबर्ट ग्रँट याच्या सहवासात किनाऱ्यावरील सागरी जीव तपासू लागला. ‘फ्लस्ट्रा’ या प्राण्याची जी अंडी मानली जात, ती स्वतः हालचाल करतात. म्हणजेच ते डिंभ होत, असे त्याने १८२७ च्या मार्चमध्ये प्लिनियन सोसायटीपुढे मांडले. येथे संग्रह नगण्य होता. प्रश्न मात्र स्पष्ट होता.

१८२८ च्या जानेवारीत तो केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात आला. तेथे, दूरच्या नात्यातील चुलतभाऊ विल्यम डार्विन फॉक्स याच्या संगतीने, त्याला भुंगेऱ्यांचा अक्षरशः ध्यास लागला. हिवाळ्यात जुन्या वृक्षांवरील शेवाळ खरवडण्यासाठी आणि दलदलीतून लव्हाळे वाहून आणणाऱ्या नावांच्या तळाचा कचरा गोळा करण्यासाठी त्याने मजूर लावला होता. एकदा दोन्ही हातांत दुर्मिळ भुंगेरे असताना तिसरा दिसला; तेव्हा त्याने हातातील एक चक्क तोंडात टाकला. त्या कीटकाने जळजळीत द्रव सोडताच तो थुंकून द्यावा लागला, आणि तिसराही निसटला! जेम्स स्टीफन्स याच्या ब्रिटिश कीटकांवरील ग्रंथात संग्राहक म्हणून आपले नाव छापलेले पाहून त्याला अपार आनंद झाला. परंतु आपण भुंगेऱ्यांचे विच्छेदन करीत नव्हतो, त्यांची बाह्य लक्षणे ग्रंथांतील वर्णनांशी क्वचितच ताडून पाहत होतो, केवळ नावे मिळवीत होतो, असे त्याने उत्तरायुष्यात आत्मचरित्रात नमूद केले आहे.

या छंदाला शिस्त लागली ती वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या सान्निध्यात, आणि पुढे १८३१ च्या ऑगस्टमध्ये भूवैज्ञानिक सेजविक यांच्याबरोबर उत्तर वेल्समध्ये केलेल्या भ्रमंतीत. तथापि संग्राहकाची जुनी सवय पुरती सुटली नव्हती. १८३५ मध्ये गॅलापागोस बेटांवर टिपलेल्या फिंच पक्ष्यांपैकी कोणता नमुना कोणत्या बेटावरचा, याची नोंद त्याने काटेकोरपणे ठेवली नाही. १८३७ मध्ये जॉन गूल्ड याने त्या पक्ष्यांचे निकटचे नाते उघड केले, तेव्हा जहाजावरील इतरांच्या नमुन्यांचा आधार शोधणे त्याला भाग पडले. याउलट, मॉकिंगबर्डांच्या नमुन्यांची बेटवार नोंद होती. म्हणूनच जातींच्या स्थिरतेविषयीची त्याची शंका प्रथम त्यांच्यावर उभी राहिली.

तात्पर्य, ध्यासामुळे नजर तीक्ष्ण होते, हात कुशल होतो; याविना निसर्गाभ्यासक घडत नाही. पण नमुन्याला पुराव्याचे मोल येते ते त्याच्यासोबतच्या स्थळ-काळाच्या चिठ्ठीमुळे. ती चिठ्ठी लिहिताना पुढे कोणता प्रश्न उद्भवेल, हे संग्राहकाला ठाऊक नसते. आणि म्हणूनच ती प्रत्येक वेळी लिहावी लागते.