‘ॲम’, ‘इज’, ‘आर’: बदलते कोण?

पालघरजवळच्या माहीमला विड्याच्या पानांच्या वाड्या आहेत. वाडी हिरवी, देठ हिरवा, पान हिरवे! नामाचे लिंग बदलले की मराठीत असे विशेषणही बदलते. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी ‘ग्रीन’च.

मग इंग्रजीत बदलते कोण? क्रियापद. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद ‘आय’बरोबर ‘ॲम’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’बरोबर ‘इज’ आणि ‘वुई’, ‘यू’, ‘दे’बरोबर ‘आर’ होते. आपणही मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत असे म्हणतोच की! संस्कृतातील ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’ ही तर ‘ॲम’ आणि ‘इज’ यांची दूरची भावंडे.

पण एकट्या मित्रालाही ‘यू आर’ का? कारण ‘यू’ मूळचे अनेकवचनी. आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे ते आदरार्थी वापरले जाऊ लागले आणि एकवचनी ‘दाऊ’ हळूहळू मागे पडले.

आता एक फसवी जागा पाहा. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात ‘थंडी’ हे नाम आहे आणि तीच कर्ता आहे. इंग्रजीत म्हणतात ‘आय ॲम कोल्ड’. येथे कर्ता ‘आय’ आणि ‘कोल्ड’ विशेषण! तेव्हा मुलांनो, आधी कर्ता शोधा, त्याच्याशी क्रियापद जुळवा. विशेषण मात्र आहे तसेच राहू द्या.