काशीचा पूल खोलीत कसा मावतो?
खऱ्या लोहमार्गाची घरगुती प्रतिकृती

काशीच्या राजघाटावरून गंगेच्या पात्राकडे पाहिले म्हणजे या तीरापासून त्या तीरापर्यंत गेलेला दुमजली लोखंडी पूल दृष्टीस पडतो. त्याच्या वरच्या मजल्यावर रस्ता आहे व खालच्या मजल्यावर लोहमार्ग. 1887 साली खुला झालेला हा पूल प्रथम डफरिन पूल या नावाने ओळखला जाई. स्वातंत्र्यानंतर त्यास पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव देण्यात आले. पूर्वेकडून येणाऱ्या यात्रेकरूस काशीच्या घाटांची अर्धचंद्राकृती रांग प्रथम दिसते ती याच पुलावरून, डब्याच्या खिडकीतून.

हे दृश्य आता बदलावयाचे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसी व पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीचे मुघलसराय, यांच्या दरम्यान लोहमार्ग वाढविण्यास व त्यासाठी गंगेवर नवा पूल बांधण्यास संमती दिली. जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभा राहिला म्हणजे राजघाटावरून आज दिसते ते चित्र पुन्हा दिसणार नाही. ज्याला हे चित्र जतन करावेसे वाटते त्याला छायाचित्राखेरीज आणखी एक साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे चालत्या आगगाडीसह केलेली प्रतिकृती.

खेळण्यातील आगगाडीला शास्त्रशुद्ध रूप येण्यास रुळांतील अंतर निश्चित होणे आवश्यक होते. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाच्या रुळांची पद्धत मांडली, आणि निरनिराळ्या वेळी घेतलेले भाग एकमेकांस जोडता येऊ लागले. आपल्याकडे पुण्यातील भाऊसाहेब जोशी यांनी हा छंद आयुष्यभर जोपासला. त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 साली सर्वांसाठी खुले झाले. तेथील गाड्या मूळ गाड्यांच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या आहेत. जोशी यांनी एक कल्पित नगर उभे केले. प्रत्यक्षातील एखादा लोहमार्ग घरात आणावयाचा झाल्यास मात्र अडचण निराळी असते. कारण तेथे मूळ वस्तू समोर उभी असते व प्रत्येक चूक तिच्याशी ताडून पाहता येते.

प्रमाणाची निवड

वाराणसी ते मुघलसराय हे अंतर सुमारे 17 किलोमीटर आहे. 1:87 या प्रमाणात त्याची लांबी 195 मीटर होईल, आणि 1:160 या लहान प्रमाणातही ती 106 मीटर भरेल. एवढी जागा कोणत्याही घरात नसते. म्हणून संपूर्ण मार्गाचा मोह सोडून एकच स्थळ निवडावे लागते, व येथे ते स्थळ म्हणजे पूल हे उघड आहे.

मालवीय पुलास 350 फुटांचे सात मोठे गाळे व 110 फुटांचे नऊ लहान गाळे आहेत. एकूण लांबी सुमारे 1,048 मीटर होते. 1:87 या प्रमाणात एक मोठा गाळाच 1 मीटर 23 सेंटीमीटर लांब होतो व संपूर्ण पुलास 12 मीटर जागा लागते. 1:160 प्रमाणात मोठा गाळा 67 सेंटीमीटरांचा व पूल साडेसहा मीटरांचा होतो. खोलीची भिंत बारा फुटांची, म्हणजे 3 मीटर 66 सेंटीमीटरांची असेल, तर हा दुसरा पूलही तिच्यात मावत नाही.

अशा वेळी नवशिका मनुष्य गाळे आखूड करतो. सोळाच्या सोळा गाळे ठेवावयाचे आणि प्रत्येक गाळा दाबून बसवावयाचा, असा त्याचा विचार असतो. परिणाम असा होतो की लोखंडी तुळयांची उंची व लांबी यांचा मेळ बिघडतो, आणि तयार झालेला पूल कोठलाही असू शकतो; तो काशीचा राहत नाही. डोळा गाळे मोजीत बसत नाही, पण आकार मात्र तत्काळ ओळखतो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा : संख्या कमी करावी, आकार मोडू नये.

सातास नऊ हे प्रमाण तीनास चार याच्या अगदी जवळ आहे. 1:160 प्रमाणात तीन मोठे गाळे 2 मीटर भरतात व चार लहान गाळे 84 सेंटीमीटर. एकूण 2 मीटर 84 सेंटीमीटरांचा हा पूल बारा फुटी भिंतीलगत बसतो आणि दोन्ही टोकांस सुमारे 41 सेंटीमीटर जागा वळणांसाठी उरते.

हाच नियम गाडीलाही लागू पडतो. बारा डब्यांची गाडी इंजिनासह सुमारे 285 मीटर लांब असते. म्हणजे ती पुलाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक जागा व्यापते. प्रतिकृतीत जुन्या पद्धतीचा डबा 14 सेंटीमीटर व इंजिन 10.7 सेंटीमीटर होते. इंजिन व पाच डबे मिळून 80 सेंटीमीटर होतात, आणि पुलाशी त्यांचे नाते जवळपास तेच राहते. बारा डबे जोडले तर गाडी पुलाचा दोन तृतीयांश भाग व्यापील व गंगेचे पात्र एखाद्या ओढ्यासारखे दिसेल.

मापे कशी घ्यावीत

मापे घेण्यासाठी लोहमार्गावर जाणे धोक्याचे आहे व त्याची आवश्यकताही नाही. घाटावरून किंवा नावेतून, पुलासमोर शक्य तितके काटकोनात राहून छायाचित्र घ्यावे. पुलावर गाडी असताना ते घेतल्यास डबा हीच मोजपट्टी होते. कारण जुन्या पद्धतीच्या डब्याची लांबी सुमारे 22.3 मीटर असते हे ठाऊक आहे. छायाचित्रात डबा जितका लांब दिसतो त्यावरून तुळयांची उंची, खांबांची जाडी व दोन मजल्यांतील अंतर त्रैराशिकाने काढता येते.

पाण्याची पातळी ठरविण्यास आणखी नेमके साधन आहे. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून 71.262 मीटर मानतात. 1978 च्या महापुरात पाणी 73.901 मीटरांपर्यंत चढले होते. दोहोंतील अंतर 2.64 मीटर, म्हणजे प्रतिकृतीत अवघे साडेसोळा मिलिमीटर होते. त्या पुरानंतरचा हिवाळा हा काळ निवडल्यास प्रतिकृतीतील खांबांवर फिकट मातकट रंगाने ही रेषा दाखविता येते. काळ ठरला की इंजिनही ठरते. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातून पहिले इंजिन 1964 च्या जानेवारीत राष्ट्रास अर्पण झाले. त्यामुळे 1978 च्या पुलावर डब्ल्यूडीएम-2 जातीचे डिझेल इंजिन शोभून दिसते. 2020 पासून बनारस रेल इंजिन कारखाना हे नाव धारण करणाऱ्या या संस्थेची आजची विजेची इंजिने त्या पुलावर चालविणे हा मात्र कालविपर्यास ठरेल.

जे लहान होत नाही

लांबी 160 पट कमी केली म्हणजे सर्वच गोष्टी 160 पट कमी होतात असे नाही. पृष्ठभाग 25,600 पट घटतो आणि घनफळ 40,96,000 पट. डब्ल्यूडीएम-2 इंजिनाचे वजन 112.8 टन आहे. या हिशेबाने त्याची प्रतिकृती साडेसत्तावीस ग्रॅमची व्हावयास हवी. इतके हलके इंजिन रुळांवर घसरते, आणि चाकांमार्फत वीजही नीट घेऊ शकत नाही. म्हणून निर्माते त्यात धातूचे अधिक वजन बसवितात. खरी गाडी वीज बंद केल्यावरही आपल्या वस्तुमानामुळे दूरवर जाते. छोटी गाडी जागच्या जागी थांबते. हा दोष झाकण्यासाठी मोटारीच्या दांड्यावर लहानसे जडचक्र लावतात.

वेगाचेही असेच आहे. ताशी 72 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास 20 मीटर. प्रतिकृतीत तो सेकंदास साडेबारा सेंटीमीटर होतो. या वेगाने खरी गाडी पूल ओलांडण्यास 52 सेकंद घेते, परंतु आखूड केलेला पूल 23 सेकंदांतच संपतो. वेग निम्मा केला तर 45 सेकंद मिळतात, आणि पाहणाऱ्यास नदी रुंद वाटते. जागेची जी काटछाट झाली तिची भरपाई अशा रीतीने काळाने करता येते.

वळणांच्या बाबतीत मात्र तडजोड टळत नाही. भारतीय रुंदमापी मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे 175 मीटर असते. 1:160 प्रमाणात ती 1 मीटर 9 सेंटीमीटर होईल. खोलीत मिळते ती त्रिज्या 36 सेंटीमीटर. एवढ्या वळणावर डब्यांची टोके रुळांबाहेर झुकलेली दिसतात. म्हणून ही वळणे एका अंगास राजघाटच्या उंचवट्यामागे व दुसऱ्या अंगास झाडीमागे लपवावीत. रुळांतील अंतरही पूर्णपणे जुळत नाही. रुंदमापी मार्गाचे 1,676 मिलिमीटर या प्रमाणात साडेदहा मिलिमीटर होतात, तर बाजारात मिळणारे रूळ नऊ मिलिमीटरांचे असतात. हे दीड मिलिमीटर सोसावयाचे की स्वहस्ते रूळ अंथरावयाचे, हे ज्याने त्याने आपला वेळ व चिकाटी पाहून ठरवावे.

यावरून दिसून येईल की प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूचे केवळ लहान रूप नव्हे. आकार खरा ठेवला, संख्या घटविली. वजन वाढविले, वेग कमी केला. वळण खोटे केले व झाकले. यांतील प्रत्येक फरक हेतुपुरस्सर केलेला आहे. तो नोंदलेला असणेही तितकेच आवश्यक आहे. राजघाटासमोरील दृश्य बदलल्यावर एखादा मुलगा ही प्रतिकृती पाहून जुन्या पुलाला सातच गाळे होते असे समजला, तर सारे श्रम उलट फळास येतील. म्हणून काम पूर्ण झाल्यावर फळीच्या दर्शनी कडेस एक कागद चिकटवावा, व त्यावर कोणती मापे मूळाबरहुकूम आहेत आणि कोणती किती घटविली आहेत हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. त्यातील पहिली ओळ अशी असावी : मूळ पुलास सोळा गाळे आहेत, येथे सात दाखविले आहेत.