चित्र कोणी रेखाटले?

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वपरिचित आहे. जैन परंपरेतही या कुंडिनपुराला मानाचे स्थान आहे. आचार्य जिनसेनांनी इ. स. ७८३ मध्ये रचलेल्या हरिवंशपुराणात त्याची कथा येते. आरशासमोर शृंगारात मग्न असलेल्या सत्यभामेने नारदांची दखल घेतली नाही. दुखावलेले नारद कुंडिनपुरास गेले. तेथे राजा भीष्माची कन्या रुक्मिणी पाहून त्यांनी तिचे चित्र पटावर रेखाटले आणि ते श्रीकृष्णाला नेऊन दाखवले. चित्र पाहताच श्रीकृष्णाचे मन तिच्याकडे ओढले गेले.

ते चित्र खोटे नव्हते. रुक्मिणी खरोखरच रूपवती होती. परंतु सत्यभामेला सवत आणण्याचा नारदांचा हेतू त्या पटावर कोठेही उमटलेला नव्हता. आजची जाहिरात, आणि पुष्कळदा आजची बातमीही, याच रीतीने काम करते. दाखवलेले खरे असू शकते. दाखवणाऱ्याचा हेतू मात्र चौकटीबाहेर राहतो. म्हणून चित्र खरे की खोटे, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणी रेखाटले, कोणासाठी आणि त्यातून काय वगळले, हेही विचारावे लागते.

जैन न्यायशास्त्राने या धोक्याला फार पूर्वीच नाव दिले आहे. वस्तूच्या अनेक धर्मांपैकी एक धर्म सांगणे म्हणजे नय. तोच धर्म म्हणजे संपूर्ण वस्तू, असा आग्रह धरून बाकीचे नाकारले, की त्याचा दुर्नय होतो. अनेकान्त म्हणजे सर्वांचेच थोडेथोडे खरे मानणे, असा सोयीचा अर्थ हल्ली लावला जातो. वस्तुतः अनेकान्त ही तपासणीची शिस्त आहे.

दुर्नयाची किंमत किती भयंकर असते, हे २०१८ साली दिसून आले. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी एक लहानशी चित्रफीत केली होती. तीत मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असे सांगणारा फलक दाखवतात. भारतात ही चित्रफीत फिरली ती शेवट कापून. उरला तो केवळ अपहरणाचा देखावा. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात देशभर पसरल्या. त्याच लाटेत १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार केले. भिक्षा मागून जगणारी ती माणसे होती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने, भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

मारणारे हात मोजता आले. अफवा पुढे ढकलणारी बोटे कोणी मोजली नाहीत. हिंसा कृत, कारित आणि अनुमत अशी तिन्ही प्रकारची असते, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागत नाही. संदेश न तपासता पुढे पाठवणे ही अनुमोदनाच होय. व्यवहारातही चेकच्या पाठीवर सही करून तो पुढे देणारा आपल्या जबाबदारीतून सुटत नाही.

व्यापारी घराण्यांत उधारी देण्यापूर्वी समोरच्याची पत पाहिली जाते. मात्र झगमगत्या जाहिरातीपुढे तीच सावध नजर कधी कधी दिपून जाते. मुंबईत टोरेस या नावाच्या दालनांतून मोझॅनाइट खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष दाखवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दालने बंद झाली आणि गुंतवणूकदार दादरच्या दालनासमोर जमले. अशा वेळी साधे गणित पुरेसे असते. आठवड्याला ६ टक्के म्हणजे सरळव्याजानेही वर्षाला ३१२ टक्के! इतका नफा कोणता प्रामाणिक धंदा देतो, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक? ठेवी स्वीकारणाऱ्या संस्थेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते आणि गुंतवणूक सल्लागाराची नोंदणी सेबीकडे तपासता येते.

या विषयाला दुसरी बाजूही आहे. व्यापारी कुटुंब जाहिराती वाचते तसेच त्या देतेही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खोट्या अथवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत, दंड करू शकते. जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्या नामांकित व्यक्तीलाही हा दंड लागू होतो. तिने आधी पुरेशी शहानिशा केली असेल तरच सूट मिळते. कायद्याच्या कितीतरी आधी तत्त्वार्थसूत्राने मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया यांची गणना सत्याणुव्रताच्या अतिचारांत केली आहे.

घरोघरी एवढा नियम पाळला तरी पुष्कळ साधेल. संतापवणारा, घाबरवणारा किंवा मोह पाडणारा मजकूर आला, की तो एक रात्र थांबवावा. तो कधीचा, कोठला आणि मूळ कोणाचा, हे सकाळी शोधावे. उत्तर मिळाले नाही, तर तो पुढे पाठवू नये. खोटे नाणे हाती आले तर ते दुसऱ्याच्या गळ्यात न घालण्याची सचोटी ज्या पेढ्यांनी जपली, त्या घरांना हे अवघड नाही.