सरड्याची भीड चेपते तेव्हा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. परंतु ऑस्ट्रेलियातील एका सरड्याने ते कुंपण केव्हाच ओलांडले असून तो थेट दिवाणखान्यात येऊन बसला आहे! तेथील रखरखीत अंतर्भागातला हा दाढीवाला सरडा, म्हणजेच ‘बिअर्डेड ड्रॅगन’, शेपटीसह दीड-दोन फूट लांब भरतो. न्यू साउथ वेल्स राज्यात तो पाळण्यासाठी सरकारी परवाना लागतो. परवाना कचेरीत मिळतो. सरड्याचा विश्वास मात्र स्वतःच मिळवावा लागतो.

नवा आणलेला सरडा हात दिसताच पळतो, नाहीतर गळ्याखालचे काटेरी कातडे फुगवून काळे करतो. हीच त्याची दाढी! हा त्याचा खाष्टपणा नव्हे, भीती आहे. त्याच्या टाळूवर बारीकसा तिसरा डोळा असतो. त्याला आकृती दिसत नाही, फक्त उजेड नि सावली कळते. रानात डोक्यावर आलेली सावली म्हणजे शिकारी पक्षी. मग वरून येणारा आपला मायेचा हातही त्याला झडपच वाटणार!

म्हणून पहिले काही दिवस त्याला हात लावूच नये. नुसते पेटीजवळ शांत बसावे. साप-सरड्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते, तेव्हा त्याला दिव्याखाली आधी मनसोक्त शेकू द्यावे. शेकण्याच्या जागी सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता हवी. गारठलेला सरडा पळत नाही, पण ते माणसाळणे नव्हे.

पुढे हात बाजूने, जमिनीलगत न्यावा आणि खाऊ पुढे करावा. तो आपण होऊन हातावर आला, तर पोटाखाली आधार द्यावा. शेपटीला धरून कधीही उचलू नये. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा फुटते, याची फुटत नाही. हात पाहून दाढी काळी पडली, की सावकाश मागे सरावे. त्याचा नकार आपण मानतो, हे त्याला उमगले की भीड चेपू लागते. त्याला काही आठवडेही लागतात. आणि हो, हाताळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. अशा प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

हे वाचून कोणी घोरपड धरून आणू नये बरे! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्या कुंपणावरचा सरडा मात्र दुरून, त्याच्यावर सावली न पाडता पाहावा. तो पळाला नाही, तर तेवढी ओळख पुरे!