विहिरीला पेट्रोलचा वास आला, तर आधी काय करायचं?



पावसाळा संपल्यावर आपल्या एका सभासदाने विहिरीत बादली सोडली, तर पाण्याला पेट्रोलसारखा वास आला. हाकेच्या अंतरावर पेट्रोल पंप आहे. याच पाण्यावर उन्हाळ्यात आपण बोटुकलीचं तळं भरतो, त्यामुळे बैठकीत आवाज चढले. कोणी म्हणालं, पंपावर मोर्चा न्या. कोणी म्हणालं, वास आता गेला, सोडून द्या. आम्हाला दोन्ही पटलं नाही. वासावरून गळती कुठली ते सिद्ध होत नाही, आणि वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं असंही नाही.

पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. तिथे रोज टाकी मोजून विक्रीशी हिशोब जुळवतात. पण उन्हाने, उडून जाण्याने थोडाफार फरक पडतोच, आणि बारीक गळती त्यात लपते. दिवसाला 5 लिटर म्हटलं तरी वर्षाला 1825 लिटर होतात.

हे पेट्रोल खाली जाऊन भूजलावर तरंगतं. त्यातले बेंझिनसारखे घटक मात्र पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर पुढे सरकतात. बेंझिनने कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन 1 टक्क्यापर्यंत चालतं. हिशोब केला तर एक लिटर पेट्रोल आठ-नऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत आणू शकतं. इतक्या कमी प्रमाणात नाकाला काहीच कळत नाही.

आपल्या माळव्यात आणखी एक गुंता आहे. धार असो की देवास, काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांमधून धावतं. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर चांगली आणि दोन शेतं पलीकडची बिघडलेली, असं होऊ शकतं. शिवाय पाणी वर चढलं की तरंगणारं पेट्रोल मुरमाला चिकटतं, काही पाण्याखाली अडकतं, आणि पाणी उतरलं की परत सुटतं. वास येतो-जातो तो असा. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये 2013 साली लोकांच्या बोअरमध्ये तेल आलं होतं, ते जमिनीखालच्या तेलवाहिनीच्या गळतीतून. तेल वापराच्या पाण्यात उतरलं तेव्हा लोकांना कळलं.

म्हणून तपासणी एका बाटलीची नसते. निदान तीन विहिरी लागतात, एका रेषेत नसलेल्या. काठापासून पाणी किती खोल ते टेपने मोजायचं आणि गवंडी पाण्याची नळी लावून लेव्हल काढतात तशी काठांची उंची जुळवायची. त्यातून पाण्याचा उतार कुठे आहे ते साधारण कळतं. पंप उताराच्या वरच्या अंगाला असेल तरच संशयाला जोर येतो. पाषाणाच्या भेगा हा हिशोबही कधी चुकवतात, म्हणून तज्ज्ञ पंपाच्या आवारातच निरीक्षण-बोअर घेतात. त्याची छिद्रांची नळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावी लागते. नाहीतर खोल बोअरची मोटर तळाचं पाणी ओढते आणि वरचा थर सापडतच नाही.

नमुना घेताना फार गफलत होते. प्लास्टिकची बाटली नको, काचेची हवी. ती काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, आणि लगेच बर्फात ठेवायची, कारण बेंझिन उडून जातं. टाकीत धो-धो पडलेलं पाणी नळातून भरून दिलं तर रिपोर्ट चांगला येईल, पण खोटा येईल. प्रयोगशाळेला ‘पाणी तपासा’ एवढंच सांगू नका. बेंझिन, टोल्युइन, झायलीन अशी नावं लिहून द्या, नाहीतर क्षार आणि जंतू तपासून कागद हातात येतो.

देवासच्या सभासदांना वेगळं सांगायचं आहे. रेल्वेने आलेलं पाणी पाहिलेल्या या गावाने छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायला शिकवलं. ‘देवास फिल्टर’ देशभर माहीत आहे. पण त्यातली वाळू-खडी गाळ अडवते, विरघळलेलं बेंझिन अडवत नाही. पंपासमोरचं किंवा गॅरेजच्या अंगणातलं पाणी त्यात कधीही वळवू नका.

माशांचं म्हणाल तर जिरे आणि बोटुकली आधी मरतात. मोठा राहू-कटला तगतो, पण मांसाला डिझेलचा वास लागला की बाजारात कोणी हात लावत नाही.

तेव्हा ठरलं ते असं. त्या विहिरीचं पाणी पिण्याला आणि तळ्याला, दोन्हीला बंद. मोटर चालवून ‘विहीर धुवायची’ नाही, त्याने पेट्रोल आणखी ओढलं जातं. आत दिवा, विडी, माणूस काहीही उतरवायचं नाही. जवळच्या तीन विहिरींची पातळी दर महिन्याला वहीत लिहायची. नमुने पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. वहीची प्रत आणि अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देतो आहोत. पंपवाल्यांनाही टाकीची तपासणी करायला लेखी कळवलंय. अर्जात त्यांच्यावर आरोप केलेला नाही, फक्त वास आल्याची तारीख आणि पाण्याची पातळी लिहिली आहे.

ज्यांच्या विहिरी त्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आहेत, त्यांनी रविवारी सकाळी टेप घेऊन कार्यालयात यावं.