सगळा जिल्हा पिवळा, मग पाऊस नेमका कुठे?

मे संपत आलाय, आणि सध्या मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: "अहिल्यानगरला यलो अलर्ट दाखवतंय, पण आमच्याकडे टिपूससुद्धा नाही. अंदाज चुकला का?" म्हणून आज येत्या आठवड्याचा अंदाज वाचायचा कसा, ते बघू. कुणाचा कांदा अजून शेतात उघड्यावर पडलाय, कुणाच्या घरी मांडव पडायचाय. त्यामुळे हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आधी नकाशा. आपला जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळात राज्यात पहिला. एका टोकाला अकोले तालुक्यातलं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला जामखेड. आणि अलर्टचा रंग मात्र सगळ्यांना मिळून एकच! पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

खरी गंमत रंगाखालच्या ओळीत आहे. तिथे "तुरळक ठिकाणी" लिहिलं असेल तर पाऊस फार तर 25 टक्के केंद्रांवर. "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50 टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे 51 ते 75. म्हणजे "तुरळक"च्या दिवशी पारनेरला झोडपलं आणि शेवगाव कोरडं राहिलं, तरी अंदाज बरोबरच!

असं का होतं? कारण हा वळीव आहे. दुपारपर्यंत जमीन तापते, गरम हवा वर चढते, तिला समुद्राकडून आलेलं बाष्प मिळालं की ढग उंचच उंच वाढतो. तीन-चारनंतर वारा, गडगडाट, कधी गारा. एक ढग दोन-चार गावं भिजवतो आणि तासाभरात मोकळा होतो. तो कोणत्या गावावर फुटेल, हे चार दिवस आधी सांगता येत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो. सात दिवसांचा अंदाज आठवड्याच्या नियोजनापुरता बघायचा. पहिल्या दोन दिवसांवर जास्त भरवसा ठेवायचा, आणि पुढचं रोज नव्याने तपासायचं. ढग दिसले की तीन तासांचा तातडीचा इशारा बघायचा. ताडपत्री मात्र दुपारच्या आधीच शेतात पोचलेली हवी.

आणि वळीव पडला म्हणजे मान्सून आला, असं समजून पेरणीची घाई नको. 2025 आठवतंय ना? मान्सून 24 मेला केरळात, 26 मेला मुंबईत. पण मग महिनाअखेरीस त्याची सीमारेषा मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद अशी अडकली, ती जूनच्या मध्यापर्यंत! लवकर आलेला पाऊस लवकर पुढे सरकेलच असं नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: वीज. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या, ते जवळपासच्या विजांची सूचना देतं. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहायचं. शेतात किंवा मेंढरांमागे असलेल्या घरच्यांना आत्ताच फोन करून हे सांगा, त्यांच्याकडे ॲप असेलच असं नाही.

तुमच्या गावात वळीव झाला का, कमेंटमध्ये तालुक्यासह कळवा. भेटू पुढच्या भागात!