चरबीची संप्रेरकं आणि स्तनाचा कर्करोग

१९९४ सालच्या अखेरीस, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने, दोन जनुकांची ओळख पटली. ऑक्टोबरमध्ये 'बीआरसीए-१', स्तनाच्या कर्करोगाशी थेट नातं असलेलं. डिसेंबरमध्ये दुसरं : न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांमधलं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. त्यापासून तयार होणारं संप्रेरक म्हणजे लेप्टिन, आणि ते तयार होतं चरबीत! चरबी ही नुसती इंधनाची साठवण नसून ती एक ग्रंथीच आहे, हे त्यानंतर सर्वमान्य झालं. पाठोपाठ ॲडिपोनेक्टिन हे चरबीचंच आणखी एक संप्रेरक समोर आलं.

या दोघांचा स्वभाव उलटा. अंगावर चरबी चढली की रक्तातलं लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन मात्र उतरतं. प्रयोगशाळेत लेप्टिन स्तनाच्या कर्कपेशींच्या वाढीला हातभार लावतं, तर ॲडिपोनेक्टिन त्यांना आवर घालतं. शिवाय स्तनाच्या अनेक कर्करोगांना पोसणारं इस्ट्रोजेन, तेही पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात बरंचसं चरबीतच बनतं. तेव्हा पुढचा प्रश्न साहजिक होता : जन्मतःच ज्यांची या संप्रेरकांची जनुकं जराशी वेगळी आहेत, त्यांना धोका कमी-जास्त असतो का?

२००८ मध्ये व्हर्जिनिया काक्लामानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७३३ रुग्ण आणि ८३९ निरोगी स्त्रियांची तुलना करून 'हो' असं उत्तर दिलं. ॲडिपोनेक्टिनच्या जनुकातल्या डीएनएच्या एकेका अक्षराच्या काही फरकांचा जोखमीशी संबंध दिसला होता. पण २००९ मध्येच, पाळी गेलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन आणि त्यांचे पेशींवरचे ग्राही, कशाच्याच जनुकाचा संबंध आढळला नाही. माझ्या मते यात नवल नाही. बीआरसीए-१ मधला घातक बदल वयाच्या ऐंशीपर्यंतची जोखीम सत्तर टक्क्यांच्या आसपास नेतो; त्यापुढे या एकेका अक्षराचा परिणाम अगदीच किरकोळ, आणि छोट्या अभ्यासात योगायोगाला वाव फार. म्हणूनच असल्या दोन-चार अक्षरांवरून 'तुम्हाला धोका आहे' किंवा 'नाही' असं सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नयेत, असं मी आवर्जून सांगेन.

२०१६ मध्ये तर कोडं आणखी वाढलं. युरोपीय वंशाच्या सुमारे १,४५,००० स्त्रियांच्या माहितीत, जनुकांमुळेच वजन जास्त असण्याकडे कल असलेल्यांना स्तनाचा कर्करोग कमी होतो, असं दिसलं. पाळी जाण्यापूर्वीही आणि नंतरही. एरवी मात्र पाळी गेल्यावरचा लठ्ठपणा जोखीम वाढवतो. याचा एक पटणारा खुलासा असा, की जनुकांचा प्रभाव लहानपणीच्या अंगलटीवर पडतो, आणि लहानपणीचा गुटगुटीतपणा पुढे काहीसं संरक्षण देतो. चाळिशीनंतर चढलेली चरबी ही वेगळीच गोष्ट.

आपल्याकडे तर वजनकाटाही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२! दिसायला सडसडीत, आतून चरबीदार, आणि तीही पोटाशी : ही आपली ठेवण. ॲडिपोनेक्टिनही दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा कमीच आढळतं.

म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या संशोधकांनी केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. १,६३३ रुग्ण आणि १,५०४ इतर स्त्रियांची मापं त्यांनी ताडून पाहिली. कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर हा आकडा ०.९५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे नितंब शंभर सेंटिमीटर तर कंबर पंच्याण्णव, असेल तर जोखीम चांगलीच वाढलेली दिसली, पाळी चालू असो वा गेलेली. हे मोजायला लागणारी टेप प्रत्येक शिंप्याकडे असते.

आणि धोका कुणाला, हे नेमकं ठाऊक नसतानाही जीव वाचवता येतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून 'टाटा'ने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी स्त्रियांची स्तनतपासणी करवली, नुसत्या हातांनी. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले होते.